उभ्या गाडीचं उघडलेलं दार

"गाडी तर उभी होती, मॅडम. उभ्या गाडीने अपघात कसा होईल?"

हे वाक्य मी त्या सकाळी रस्त्यावर ऐकलं, दुपारी पोलीस ठाण्यात ऐकलं आणि पुढे नात्यातल्या एका ज्येष्ठांकडूनही ऐकलं. दर वेळी ते इतक्या खात्रीने म्हटलं गेलं की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. म्हणून पहिल्यांदा हेच सांगते: उभ्या गाडीने अपघात होतो. हाड मोडतं, जीवही जाऊ शकतो, आणि कायद्याच्या लेखीही तो अपघातच असतो. नाशिकच्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. मला ते मनगटाला प्लास्टर घालून शिकावं लागलं.

आनंदवल्लीहून शरणपूर रोडला मी कामावर सायकलनेच जाते. त्या दिवशी कॉलेज रोडला दुकानं उघडायची वेळ होती आणि डाव्या कडेला नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग होती. मी रांगेच्या बाजूने सरळ चालले होते, वेग बेताचा, बोटं ब्रेकवर. एका मोठ्या पांढऱ्या गाडीजवळ पोचले आणि चालकाच्या बाजूचं दार एका झटक्यात पूर्ण उघडलं. दोन हातांवर उघडणाऱ्या दाराला कुठलाही ब्रेक पुरत नाही. दाराची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागली, पुढचं चाक डावीकडे वळलं आणि मी उजवीकडे, चालत्या रहदारीत फेकले गेले. अशा अपघातातला खरा धोका हाच असतो. दाराने खरचटतं, पण जीव घेते ती मागून येणारी गाडी. माझ्या मागे रिक्षा होती. त्या रिक्षावाल्या भाऊंनी करकचून ब्रेक मारला म्हणून आज मी हे लिहू शकते.

मी रस्त्यावर बसले होते, उजवा तळवा सोलला होता, हेल्मेटची एक बाजू घासली होती. गाडीतून उतरलेले गृहस्थ माझ्यापर्यंत आले नाहीत. ते दारापाशी थांबले. दार थोडं मिटून पुन्हा उघडून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं, वाकून बिजागरी तपासली, मोबाइल काढून फोटो घेतला. हे सगळं होईपर्यंत मी तिथेच बसून होते. मागच्या सीटवरच्या आजींनी काच खाली करून विचारलं, "बाई, लागलं का गं?" त्या गाडीतून माझी चौकशी करणारा तो एकच आवाज होता. आणि त्यावर दारापाशी उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, तू आत बस."

मग तो माझ्याकडे वळला. "मी आरशात बघितलं होतं, कुणीच नव्हतं. तुम्ही एकदम कुठून आलात?" मी कुठून येणार? रस्त्यावरूनच आले. पुढचा प्रश्न, "घंटी नाही का वाजवायची?" बंद काचांच्या गाडीत बसलेला माणूस कधी दार उघडणार हे मला कळणार कसं, आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीला घंटी वाजवत जायचं का, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. चार माणसं जमली. त्यातले दोघे म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, फार लागलेलं दिसत नाही." मग त्याने पाचशेची नोट पुढे केली. "रिक्षा करा आणि घरी जा."

ती नोट समोर आली तेव्हा मला लख्ख कळलं की या माणसाच्या लेखी मी रस्त्यावर असणंच चूक होतं. मी स्कूटरवर असते तर त्याने आधी नंबरप्लेट बघितली असती, मोटारीत असते तर विम्याचं बोलला असता. सायकलवर असलेल्या बाईला पाचशे रुपये देऊन वाटेला लावता येतं, असं त्याने गृहीत धरलं होतं. मी नोट घेतली नाही. त्याच्या गाडीचा क्रमांक घेतला, दार उघडं असलेल्या अवस्थेत गाडीचा फोटो काढला, तेव्हा तो पहिल्यांदा अस्वस्थ झाला. फोन नंबरांची देवाणघेवाण त्यानेच मागितली. ती कशासाठी, ते संध्याकाळी कळलं: व्हॉट्सअ‍ॅपवर दाराचा फोटो, गॅरेजचं एस्टिमेट आणि खाली एक ओळ, "निम्मे तुम्ही द्या, माणुसकीने सांगतोय." तो संदेश मी पुसलेला नाही. पुसणारही नाही. दार त्याने उघडलं आणि मी त्यावर आदळले, याची लेखी कबुली त्यात आहे.

आता कामाचं बोलते.

सगळ्यात आधी मनगट. त्या दिवशी एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. मुका मार आहे, आठवडाभरात बरं वाटेल, असं सांगितलं गेलं. पण अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी जी खळगी पडते, तिथे बोट टेकवलं तरी कळ मस्तकात जायची. पडताना आपण तळवा टेकतो, आणि तेव्हा मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडू शकतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. या हाडाला रक्तपुरवठा कमी असल्याने दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखत राहतं. माझं दुसऱ्या एक्स-रेत निघालं. तेव्हा तळव्यावर पडलात आणि त्या खळगीत दुखतंय, तर "काही नाही" या उत्तरावर घरी बसू नका.

दुसऱ्या एक्स-रेने आणखी एक गोष्ट बदलली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ नुसार दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात येईल असं बेदरकार किंवा निष्काळजी कृत्य हा गुन्हा आहे. साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. आणि हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येतच गंभीर दुखापत आहे. म्हणून पहिल्याच दिवशी दवाखान्यात "रस्त्यावर अपघात झाला, गाडीच्या दाराने" असं स्पष्ट सांगून एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस अशी, नोंद करून घ्या. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात ती होते, खासगी रुग्णालयालाही करता येते. "सायकलवरून पडले" एवढंच केसपेपरवर लिहिलं गेलं तर गाडी कागदावरून गायब होते, आणि नंतर ती परत आणणं फार जड जातं. कागद हातात आला की तिथेच उभं राहून वाचा.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आलं, "सायकलच आहे ना, समजुतीने घ्या." समजुतीने घेण्यासाठी समोरच्याने आधी चूक समजून घ्यावी लागते. मी लेखी तक्रार दिली आणि पोच मागितली. तक्रार घेतली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे ती टपालाने पाठवता येते, हे मला माहीत होतं आणि मी ते तिथे बोलून दाखवलं. आवाज चढवला नाही. त्यानंतर लिहून घेतलं.

"गाडी उभी होती" या युक्तिवादाचं उत्तर १९९१ सालीच मिळालेलं आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर आपल्याच महाराष्ट्रात एक पेट्रोल टँकर ट्रकच्या धडकेने उलटला. तो तसाच पडून असताना काही तासांनी स्फोट झाला आणि जमलेली माणसं होरपळून मेली. तेव्हाही असाच मुद्दा होता: टँकर चालत नव्हता, मग ही भरपाई आमच्याकडून कशी? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोटार वाहनाचा वापर म्हणजे फक्त ते धावत असताना होणारा वापर नव्हे, उभं वाहनही त्यात येतं. शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे हा तो खटला. हे नाव लिहून ठेवा, समोरच्याने तेच वाक्य ऐकवलं तर उपयोगी पडेल.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. समोरच्या गाडीचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि रस्त्यावरचा सायकलस्वार हा तो तृतीय पक्ष. तुमच्या सायकलचा विमा नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही. कायद्याने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा "बघू, दिवाळीनंतर" असं करू नका. माझा दावा दाखल आहे. औषधांच्या पावत्या, बुडालेले पगाराचे दिवस, रिम आऊट झालेल्या चाकाचं आणि वाकलेल्या चिमट्याचं बिल, घासलेलं हेल्मेट, सगळं जपून ठेवलंय. सायकल दुरुस्त करण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची रोखरहित उपचारांची योजना आहे, सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत. मोठी दुखापत असेल तर रुग्णालयात या योजनेची चौकशी करा आणि ११२ ला फोन लावा.

दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. दुकानदार ते आपल्याला देत नाहीत, पोलिसांचं पत्र लागतं. त्यामुळे समोर कुठल्या दुकानांना कॅमेरे आहेत याची यादी त्याच दिवशी तक्रारीत लिहा. साक्षीदाराचं नाव आणि नंबर तिथल्या तिथे घ्या. रिक्षावाले भाऊ सुरुवातीला घाबरले, "ठाण्यात खेटे घालायला लागतील ना, ताई?" मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण दिलेलं आहे, हे त्यांना समजावलं. ते आले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

चालवताना काय पाळायचं? उभ्या गाडीपासून एका दाराइतकं, म्हणजे निदान एक मीटर अंतर ठेवा. मागून हॉर्न वाजतात, वाजू द्या. वाजवणाऱ्याला तुम्ही दिसताय, एवढाच त्याचा अर्थ. दोन उभ्या गाड्यांमधल्या रिकाम्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका, सरळ रेष धरा. मागच्या काचेतून चालकाच्या जागी डोकं दिसतंय का, ब्रेकचा लाल दिवा आत्ताच विझलाय का, पुढची चाकं वळलेली आहेत का, हे बघत चला. थांबलेल्या रिक्षाच्या किंवा टॅक्सीच्या डावीकडून पुढे जाऊ नका, प्रवासी त्याच बाजूने उतरतो. उजव्या हँडलला छोटा आरसा लावा. पावसाळ्यात रिमवरचे ब्रेक ओले झाले की उशिरा धरतात. बाकी हेल्मेट, मागचा लाल दिवा, घाई न करणं, हे सगळ्यांना माहीत आहेच.

आणि गाडीवाल्यांनो, तुमच्यासाठी एकच सवय. दार डाव्या हाताने उघडा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावा हात उजव्या दाराकडे नेला की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय लावली जाते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही २०२२ पासून असा सल्ला छापलेला आहे. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे पहिल्याच दिवशी शिकवायला काय हरकत आहे? याला पैसा लागत नाही, मागे बघण्याची तयारी लागते.

नाशिक सायकलचं शहर आहे असं आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरं आहे. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. दरवर्षी इथून पंढरपूरला सायकलवारी निघते. रविवारी सकाळी गंगापूर रोड सायकलींनी भरून जातो. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ या स्मार्ट रोडला सायकल ट्रॅक आखला, तर लोक त्यावर गाड्या लावतात. भाड्याच्या सायकलींची योजना आली आणि बंद पडली. मग सोमवारी कामाला निघालेल्या सायकलवाल्याला आपण काय देतो?

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार कॅरियरला डबा बांधून, बिनदिव्याच्या सायकलींवर रोज याच रस्त्यांनी जातात. मला वकील शोधता आला, रजा घेता आली, दुसरा एक्स-रे काढता आला. त्यांच्यातल्या कुणाला असं दार लागलं तर पाळीची वेळ गाठायची म्हणून तो ती पाचशेची नोट घेईल आणि मोडलेल्या मनगटाने मशीनवर उभा राहील. हा विचार मला त्या माणसाच्या संदेशापेक्षा जास्त छळतो. तुमच्या कंपनीत, सोसायटीत असे कुणी असतील तर त्यांच्या सायकलींना मागे लाल दिवा आणि चमकणारी पट्टी लावून द्या, आणि पैसे घेऊन गप्प बसायचं नाही हेही सांगा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरातले रस्ते नव्याने आखले जात आहेत. सायकलची मार्गिका आखायची तर उभ्या गाड्यांच्या दारांना खेटून आखू नका. मध्ये एक मीटर मोकळी पट्टी ठेवा. ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.