आधी जीव, मग जाब

तुमच्या घरात दारूला कुणी शिवत नसेल, तरीही हे वाचा. मूल शिकायला पुण्या-नागपूरला हॉस्टेलवर किंवा चौघांत घेतलेल्या फ्लॅटवर राहत असेल, तर आवर्जून वाचा. तुमच्या मुलानं थेंबही घेतलेला नसेल. पण ज्याला जास्त झाली आहे, त्याच्या उशाशी रात्री अडीच वाजता कदाचित तोच बसलेला असेल.

मी कॅज्युअल्टीत काम करते. एकतीस डिसेंबर, फेअरवेल, हळदीची रात्र, परीक्षा संपल्याची संध्याकाळ, या दिवशी आमच्याकडे कोण येणार हे आम्हाला माहीत असतं. असाच एकदा एक मुलगा मित्रांनी उचलून आणला. शर्ट ओलाचिंब, कारण त्याला शॉवरखाली धरलं होतं. हनुवटीला लिंबाची बी चिकटलेली. अंग गार, ओठ निळसर. नावानं हाक मारली, खांद्याला जोरात चिमटा काढला, तरी पापणी हलली नाही. त्याचा मित्र रडवेला होऊन सांगत होता, “मॅडम, तासाभरापूर्वी बोलत होता हो. म्हटलं झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.” आणि लगेच हळू आवाजात, “त्याच्या घरी नका ना सांगू.” तो मुलगा वाचला. पण मधला तास त्यांनी त्याच्यावर प्रेम नव्हतं म्हणून घालवला नव्हता. मोठ्या माणसांच्या भीतीनं घालवला होता.

“झोपू दे, उतरेल” हे वाक्य फार घातक आहे. शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात मिसळतच राहते. म्हणजे मूल झोपलेलं असताना नशा उतरण्याऐवजी आणखी चढत जाऊ शकते. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, १८० मिलीत, साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला जेमतेम ७ ते १० ग्रॅमचा निचरा करतं. पैज लावून एका दमात संपवलेल्या क्वार्टरला निघून जायला सहा-सात तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. हा वेग ना लिंबानं वाढतो, ना ताकानं, ना काळ्या कॉफीनं. थंड पाण्यानं तर उलटच होतं: दारूनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल पडून अंगातली ऊब आधीच निघून जात असते, त्यात आपण अंग आणखी गारठवतो. घशात बोटं घालून ओकारी काढायला जाणं तर सगळ्यात वाईट. ठसका लागून श्वासनलिका वाचवण्याची जी प्रतिक्षिप्त क्रिया शरीरात असते, ती या अवस्थेत मंदावलेली असते. ओकारी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. अशी मुलं उताणी झोपलेली असताना, स्वतःच्याच उलटीनं गुदमरून जातात.

मग साधी नशा कोणती आणि विषबाधा कोणती? जाग येते का पाहा. हाक मारून, चिमटा काढूनही उठत नसेल, तर ती झोप नाही. मग छातीकडे पाहा, हातात घड्याळ घेऊन. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून मोठा खंड, म्हणजे धोका दारात आहे. अंग गार नि चिकट पडणं, ओठ-नखं निळी-पांढरी होणं, आकडी येणं, अर्धवट शुद्धीत उलट्या होत राहणं, यातलं एक जरी दिसलं तरी पुरे. सगळी लक्षणं जुळायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा म्हणजे तो उताणा होणार नाही, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे. अंगावर चादर घाला. तोंडात काहीही घालू नका. एकटं सोडू नका, क्षणभरही नाही. श्वास थांबलाच, तर १०८ वरच्या माणसाला सांगा आणि तो सांगेल तशी छाती दाबायला लागा. काय प्यायला, किती, कधीपासून, सोबत झोपेच्या किंवा आणखी कसल्या गोळ्या घेतल्या का, हे डॉक्टरांना खरं खरं सांगायचं. बाटली मिळाली तर बरोबर आणायची. दारू भेसळीची असेल तर त्यावरून कळतं. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं विषारी दारूनं गेली. त्यातल्या मिथेनॉलचा त्रास पुष्कळदा बारा-चोवीस तासांनी सुरू होतो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आलं, पोटात कळा आल्या, तर ते हँगओव्हर म्हणून सोडून देऊ नका.

लहान मुलांचं वेगळं सांगते. घरातल्या पार्टीनंतर टेबलावर राहिलेला अर्धा ग्लास, सॅनिटायझरची रंगीत बाटली, चार वर्षांच्या पोराला एवढंही बाधू शकतं. त्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं घसरते आणि आकडी येते. तिथे लक्षणांची वाट पाहायचीच नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मुलं दवाखान्यात यायला घाबरतात, त्यालाही कारण आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. पोलीस येतील, कॉलेजात कळेल, ही धास्ती खोटी नाही. नोंद होऊही शकते. पण परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की, पोलीस केस असली तरी जीव वाचवणारे उपचार आधी, कागद नंतर. हे तुमच्या मुलाला तुमच्याच तोंडून कळू द्या.

आणि त्याच बैठकीत आणखी एक सांगा. “कुणाचंही असं झालं, तुझं किंवा मित्राचं, तर रात्री कितीही वाजता फोन कर. त्या रात्री मी एकही प्रश्न विचारणार नाही.” हे बोलणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. आपल्याला वाटतं, यातून पिण्याला परवानगीच दिल्यासारखं होईल. मला तसं वाटत नाही. तुम्ही दारूला ठाम नाही म्हणा, दुसऱ्या दिवशी खडसवाही. फक्त त्या रात्रीचं वचन मोडू नका. एकदा मोडलंत, तर पुढच्या वेळी फोन येणार नाही, आणि त्याचे मित्रही करणार नाहीत. म्हणून त्याच्या दोन-तीन मित्रांकडे तुमचा नंबर असू द्या, आणि वॉर्डनचा रात्रीचा नंबर तुमच्याकडे. ते मित्र पुढच्या सुट्टीत जेवायला येतील, तेव्हा कुशीवर कसं वळवायचं ते त्यांच्यातल्याच एकाला जमिनीवर झोपवून करून दाखवा.