आधी पाणी, मग बाटल्या

घरात मद्यपानाची स्वतंत्र व्यवस्था करू इच्छिणारे परिचित सल्ला विचारावयास येतात, तेव्हा त्यांच्याजवळ बहुधा एखादे चित्र असते: मागे आरसा, आरशापुढे काचेच्या फळ्यांवर दिव्यांनी उजळलेल्या बाटल्या आणि पुढ्यात उंच बैठका. त्या चित्रात नळ नसतो आणि बर्फाची तजवीजही नसते. आमच्या दिवाणखान्यासाठी सजावटकाराने आणलेला नकाशा नेमका याच जातीचा होता. त्याबरहुकूम जे काम उभे राहिले त्याने पहिल्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात आपले गुण दाखविले, आणि पुढे ते उखडून नव्याने करवून घेताना जे ज्ञान पदरात पडले, ते इतरांच्या उपयोगी पडावे या इच्छेने येथे मांडीत आहे.

बार हा, नीट पाहिले असता, एक लहानसा ओटाच होय. त्यावर लिंबे चिरली जातात, पेले विसळले जातात, बर्फ फोडला जातो. म्हणून कोणती भिंत अधिक शोभेल हे पाहण्यापूर्वी पाण्याची आणि सांडपाण्याची नळी कोणत्या भिंतीतून जाते याची चौकशी करावी. स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत मिळाली, तर लहान सिंक सहज बसते आणि सांडपाण्याला ढाळ मिळतो. दूरच्या भिंतीचा आग्रह धरल्यास मिस्त्री फरशीखालून नळी नेईल खरा, परंतु ढाळ कमी पडला की लिंबाच्या बिया आणि पुदिन्याची पाने तीत अडकून दुर्गंधी सुटते. असा ढाळ मिळणारच नसेल, तर सिंकचा विचार सोडून देऊन एक खोलगट तबक व झाकणाची बादली ठेवणे अधिक शहाणपणाचे.

आमच्याकडे सर्वांत मोठा घोटाळा झाला तो फ्रिजचा. काउंटरच्या पोटात लहान फ्रिज बसवून सुताराने त्याच्या तिन्ही बाजू प्लायवूडने घट्ट बंद केल्या होत्या, आणि हे काम इतके सफाईदार होते की पाहणारा प्रत्येक जण त्याची वाखाणणी करी. फ्रिज आतली उष्णता शोषून बाहेर टाकतो; बाहेर टाकलेल्या उष्णतेला वाटच न मिळाल्यामुळे ती त्या पेटीत कोंडून राहिली, कॉम्प्रेसर अहोरात्र चालत राहिला, वैशाखात बर्फ धरेनासा झाला आणि अखेरीस यंत्रच बसले. यास्तव यंत्रासोबतच्या पुस्तिकेत जेवढी मोकळी जागा सांगितलेली असेल तेवढी कागदावर आखून सुताराच्या हाती द्यावी, खालच्या पट्टीत व मागे वरच्या अंगाला जाळी ठेवावयास लावावी आणि फळ्या ठोकण्यापूर्वी स्वतः मोजमाप घ्यावे.

बर्फ मात्र अशा लहान फ्रिजच्या भरवशावर ठेवू नये. माणशी अर्धा किलो हिशेब धरून तो आदल्या दिवशी स्वयंपाकघरातील मोठ्या फ्रिजरमध्ये, झाकण असलेल्या डब्यात करावा. झाकण यासाठी की बर्फ शेजारच्या पदार्थांचा वास ओढून घेतो, आणि सुरमईचा गंध आलेल्या बर्फात उत्तमोत्तम व्हिस्कीही वाया जाते. मोठा खडा आकारमानाच्या मानाने कमी पृष्ठभाग उघडा टाकीत असल्यामुळे सावकाश वितळतो व पेय लवकर पाणचट होऊ देत नाही.

लाकूडकामात काटकसर करू नये. जेथे पाणी सांडणार तेथे आयएस 710 प्रतीचे, म्हणजे सागरी वापराचे, प्लायवूडच मागावे. साध्या प्रतीच्या कडा पावसाळ्यात फुगतात आणि वरचा सनमायका सुटू लागतो. काउंटरची उंची 42 इंच व बैठकीची 30 इंच धरल्यास गुडघ्यांना अडचण होत नाही; मागे उभे राहणाऱ्यासाठी 3 फूट जागा हवी. एवढी जागा मुंबईच्या बहुतेक घरांत नसते. तेथे खाली उघडणाऱ्या फळीचे, कुलूपबंद कपाट हेच मला सर्वार्थाने योग्य वाटते. लहान मुले असलेल्या घरात तर कुलपाला पर्यायच नाही.

पश्चिमेच्या खिडकीसमोर बाटल्या मांडू नयेत. उन्हाने मद्याचा रंग व स्वाद दोन्ही उतरतात. व्हिस्की, रम यांच्या बाटल्या उभ्या ठेवाव्या, कारण तीव्र मद्य बुचाला खाते. बुचाच्या वाइनच्या मात्र आडव्या, म्हणजे बूच ओले राहते. व्हर्मूथ ही मुळात वाइनच असल्याने उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून महिन्या-दोन महिन्यांत संपवावी. खरेदी करताना 750 मिलीलिटरच्या बाटलीतून 60 मिलीलिटरचे बाराच पेग निघतात हे लक्षात ठेवावे आणि ओतताना मापाचाच उपयोग करावा.

महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, हे सुशिक्षितांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव असा राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून मिळतो. तीव्र मद्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. घरात किती साठा ठेवण्याची मुभा आहे ते खात्याकडून आधीच समजून घ्यावे. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत बंदी असल्याने तेथे हा विषयच उद्भवत नाही. गोव्याहून परतताना स्वस्त मिळाल्या म्हणून सामानात भरलेल्या, केवळ गोव्यात विक्रीसाठी असा मजकूर छापलेल्या बाटल्या सीमेवरील नाक्यावर मुद्देमाल म्हणून जप्त होतात आणि वर गुन्हा दाखल होतो. फेणीची आवड असलेल्याने तिचा आस्वाद तेथेच घ्यावा.

पाहुण्यांना निमंत्रण देतानाच परतीच्या वेळी गाडी कोण चालविणार हे स्पष्ट विचारून घ्यावे, जो चालविणार त्याच्यासाठी कोकम सरबत किंवा आल्याचा सोडा तितक्याच आस्थेने, तशाच सुंदर पेल्यात तयार ठेवावा, आणि बेत बदलून त्यानेही पेला उचलला तर दिवाणखान्यात त्याचे अंथरूण घालावे.