व्याह्यांचं एअर मेडल

आमच्या व्याह्यांच्या सेवामुक्तीच्या कागदावर ‘एअर मेडल’ या शब्दांपुढे १४ हा आकडा टाइप केलेला होता. तो कमी आहे, असं ते निम्मं आयुष्य सांगत आले. ऐकणारे मान डोलवत आणि विषय बदलत. गेल्या काही वर्षांत ते सगळं प्रकरण माझ्या हाताखालून गेलं. अमेरिकेत लेकी-मुलगे असलेली मराठी घरं आता कमी नाहीत आणि त्यांच्या सोयऱ्यांत व्हिएतनामला जाऊन आलेला एखादा गृहस्थ निघतोच. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी फौजेतली नव्हे. माझी नोकरी कोषागारात, निवृत्तिवेतनाच्या टेबलावर गेली. सेवापुस्तकात एक नोंद राहिली की माणसाचे कसे हाल होतात, ते रोज बघत होते. लेकीकडे ओहायोला गेले तेव्हा विहीणबाईंनी कागदांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, “तुमचं आयुष्य सरकारी कागद वाचण्यात गेलं. जरा हे बघाल का?” कागद इंग्रजी, सैन्य परकं, पण त्रुटी काढून परत आलेलं प्रकरण कुठल्याही देशात ओळखू येतं.

व्याही १९६८च्या अखेरीपासून वर्षभर व्हिएतनाममध्ये ह्यूई हेलिकॉप्टरवर क्रू चीफ होते. ह्यूईत पुढे दोन वैमानिक, मागे उघड्या दारांशी एका बाजूला क्रू चीफ आणि दुसऱ्या बाजूला गनर, दोघांपुढे एम-६० मशिनगन. क्रू चीफची गंमत अशी की यंत्र त्याच्या ताब्यातलं. रात्री त्याची देखभाल करायची आणि सकाळी त्यातच बसून लढाईत जायचं. वैमानिक आलटून पालटून येत, क्रू चीफ मात्र आपल्या यंत्राबरोबर. त्यामुळे त्याचे उड्डाणाचे तास अनेकदा वैमानिकापेक्षा जास्त भरत आणि नोंदी मात्र वैमानिकाच्याच नीट ठेवलेल्या असत. या एका गोष्टीत निम्म्या तक्रारींचं मूळ आहे.

दुसरं मूळ खुद्द पदकात आहे. एअर मेडल राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने मे १९४२मध्ये सुरू झालं. त्याच्या वरचं डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस १९२६पासूनचं. युरोपवर बॉम्बफेकीला जाणाऱ्या आठव्या हवाई दलात सुरुवातीला पाच मोहिमांना एक एअर मेडल आणि पंचवीस मोहिमांची फेरी पुरी झाली की फ्लाइंग क्रॉस, असा वाण्याच्या वहीसारखा हिशेब चाले. वरिष्ठांना तो खटकला, नियम आवळले गेले. पण ‘इतक्या उड्डाणांना एक’ ही समजूत काही गेली नाही. व्हिएतनाममध्ये लष्कराने तिला रीतसर रूपच दिलं. मोहिमांचे तीन प्रकार: प्रत्यक्ष हल्ल्यातल्या, लढाईच्या आगेमागे मदतीच्या, आणि लढाईशी थेट संबंध नसलेल्या पण गोळीच्या टप्प्यातल्या. शिफारशीसाठी पहिल्या प्रकाराला उड्डाणाचे किमान २५ तास, दुसऱ्याला ५०, तिसऱ्याला १००. कोणाचीच उड्डाणं एका प्रकारची नसत, म्हणून कंपनीतला कारकून तिन्ही एका मापात आणून बेरीज करी. पदकं इतकी होऊ लागली की १९६८मध्ये फितीवर ओकच्या पानांऐवजी सरळ आकडा लावायला सुरुवात झाली. तोच आमचा १४.

व्याह्यांचा हिशेब सोपा होता. खिशातल्या डायरीत पेन्सिलीने लिहिलेले तास, भागिले पंचवीस. उत्तर ३१. मी विचारलं, “यातली सगळीच उड्डाणं हल्ल्याची होती का?” ते म्हणाले, “टपाल आणि गरम जेवणही नेलंय. पण गोळ्या टपालावरही झाडतात.” बरोबरच आहे, तरी ते तास पहिल्या रकान्यात बसत नाहीत. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्याने असा भागाकार मांडला असेल, तर तो अर्जात उतरवू नका. वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर शंका येते आणि ती शेवटपर्यंत जात नाही.

याआधीचा अर्ज माजी सैनिकांची कामं करून देतो म्हणणाऱ्या एका गृहस्थाने पैसे घेऊन केला होता. त्यात बालपणापासूनची हकीकत होती, रोटरचा आवाज होता, जंगलातला पाऊस होता. वाढीव एअर मेडल आणि एका रात्रीच्या मोहिमेसाठी फ्लाइंग क्रॉस अशा दोन वेगळ्या मागण्या एकाच दमात केलेल्या. पुरावा म्हणून डायरीची दोन पानं आणि तरुणपणीचा फोटो. नामंजुरीचं पत्र मी सावकाश वाचलं. उड्डाणं झाली नाहीत असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. म्हणणं एवढंच होतं की या पदकांची शिफारस, मंजुरी आणि आदेश यांपैकी काहीच समोर नाही. व्याही भडकले होते: “म्हणजे मी उडालो ते खोटं?” मला त्या पत्रावर राग येईना. माझ्या टेबलावर तो अर्ज आला असता तर मीही परत पाठवला असता.

मुद्दा असा आहे. तास भरले म्हणून कारकून शिफारस करी. शिफारशीवर वरच्या मुख्यालयाची मंजुरी येई आणि मग जनरल ऑर्डर निघे. पदक त्या ऑर्डरने मिळतं. म्हणून घरातल्या मागणीचे पहिल्या दिवशीच दोन ढीग करा: आदेश निघाला पण कागदावर चढला नाही, हा एक, आणि आदेश कधी निघालाच नाही, हा दुसरा. पहिला ढीग म्हणजे नोंदीची दुरुस्ती. दुसरा म्हणजे नव्याने पदक मागणं. दोन्हींचे रस्ते वेगळे, खिडक्या वेगळ्या आणि कस तर फारच वेगळा.

पहिला ढीग वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. व्हिएतनामची नेमणूक साधारण वर्षाची. वर्ष भरलं की माणूस विमानात बसे. सक्तीच्या भरतीतल्या अनेकांना परतल्यावर ओकलंडसारख्या तळावर एक-दोन दिवसांत मोकळं करत. तिथला टंकलेखक समोर असेल त्या कागदावरून डीडी २१४, म्हणजे सेवामुक्तीचा कागद, भरी. शेवटच्या महिन्यांच्या उड्डाणांचे आदेश मात्र तिकडे नंतर निघत. ते ज्याच्यासाठी होते, तो तोवर बापाच्या शेतावर पोचलेला असे. डीडी २१४वर एकदा चुकलेलं पुढे डीडी २१५ या दुरुस्तीपत्रानेच सुधारतं.

तेव्हा सेंट लुईसच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राकडे एसएफ १८० हा अर्ज करा आणि फक्त २१४ची प्रत मागू नका. पूर्ण सेवाफाईल मागा, त्यात डीए फॉर्म २० आणि पदकांचे सर्व आदेश असं स्पष्ट लिहून मागा. डीए फॉर्म २०च्या ४१व्या रकान्यात पदकं नोंदलेली असतात. आमच्याकडे तिथे १४च्या पुढे आणखी नोंदी होत्या, वेगळ्या टाइपात, नंतर चढवलेल्या.

इथे एक सबब हमखास ऐकू येते: “माझे कागद आगीत गेले.” आग खरी आहे, १२ जुलै १९७३ची. पण तिच्यात गेले ते १ जानेवारी १९६०पूर्वी सुटलेल्या लष्करी माणसांचे सुमारे ८० टक्के कागद, आणि हवाई दलात १९४७ ते १९६३ अखेर सुटलेल्यांपैकी आडनाव वर्णक्रमाने ‘हबर्ड’च्या पुढे येणाऱ्यांचे सुमारे ७५ टक्के. म्हणजे कोरियात उडालेल्या म्हाताऱ्याची सबब खरी असू शकते. त्याच्यासाठी अलाबामात मॅक्सवेल तळावर हवाई दलाच्या इतिहास संस्थेत पथकांच्या नोंदी आहेत. व्हिएतनामहून १९६९-७० साली परतलेल्या लष्करी माणसाने आगीला दोष देऊ नये.

फाईलमध्ये आदेश नसले तर मेरीलँडला कॉलेज पार्क इथे राष्ट्रीय अभिलेखागारात जावं लागतं. व्हिएतनाममधल्या लष्करी तुकड्यांचे कागद तिथे अभिलेख गट ४७२मध्ये आहेत. तिथे लोक दोन ठिकाणी अडतात. पहिलं, ते आपल्या कंपनीच्या खोक्यात शोधतात. पदकाचा आदेश कंपनी काढत नाही. वरच्या ब्रिगेडचं किंवा डिव्हिजनचं मुख्यालय काढतं आणि तो त्याच मुख्यालयाच्या खोक्यात असतो. दुसरं अडणं मला फारच शिकवून गेलं. १ जुलै १९६९पर्यंत लष्करात प्रत्येकाला सेवा क्रमांक असे. भरती सक्तीची असेल तर पुढे ‘यूएस’, स्वेच्छेची असेल तर ‘आरए’. त्या दिवसापासून सोशल सिक्युरिटी क्रमांक लागू झाला. आमच्या व्याह्यांचं वर्ष या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. एकाच क्रमांकावर शोध घेतला तर अर्धा माणूस सापडतो.

लेक आणि जावई तिथे जाऊन आले. त्यांनी आणलेल्या प्रतींमधलं एक पान मी टेबलावर सपाट करून बघितलं. वर मुख्यालयाचं नाव, आदेशाचा क्रमांक, तारीख. मग पदक, कालावधी, ‘राष्ट्राध्यक्षांच्या निर्देशानुसार’ आणि खाली वर्णक्रमाने नावांची रांग. प्रत्येकापुढे हुद्दा, क्रमांक आणि कितवं एअर मेडल तो आकडा. आमच्या गृहस्थांचं आडनाव एका अक्षराने चुकलेलं, त्यामुळे ते रांगेत दोन ओळी वर सरकलेले. क्रमांक मात्र बरोबर. अशा पानावर इतरांचेही सोशल सिक्युरिटी क्रमांक असतात. प्रत जोडताना ते काळे करा आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकू नका.

हे सारे आदेश क्रमाने लावून, वर एक पानाचा तक्ता देऊन (आदेश क्रमांक, तारीख, आकडा, पान) फेरविचाराचा अर्ज गेला. एकही विशेषण नाही. हा अर्ज ज्या लष्करी अभिलेख दुरुस्ती मंडळाकडे जातो, त्यात तीन मुलकी सदस्य असतात. कागद बरोबर आहेत असं ते धरून चालतात आणि चूक सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर असतं. डीडी १४९ हा त्यांचा अर्ज. चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने ती माफ होऊ शकते. म्हणून ‘आता फार उशीर झाला’ म्हणून कोणी घरी बसू नये. आधी लष्कराच्या पदक शाखेकडे, म्हणजे केंटकीत फोर्ट नॉक्सला, विचारून झालेलं असावं, नाहीतर मंडळ तिकडेच पाठवतं. आणि या कशालाही सरकारी फी नाही. ओहायोत प्रत्येक काउंटीत माजी सैनिकांसाठीचं कार्यालय आहे, तिथली मदत फुकट मिळते. पैसे मागणारा दिसला की उठून यावं.

दुरुस्तीपत्र आलं ते २२चं. ३१चं नाही. उरलेल्या नऊंचे आदेश कुठेही नाहीत, आणि बहुधा निघालेच नव्हते. ते सोडून द्या असं मी सांगितलं. व्याह्यांना ते पटलं नाही, पण विहीणबाईंना पटलं, आणि त्या घरात तेवढं पुरतं.

आपल्याकडच्या घरांसाठीही दोन शब्द, कारण सातारा-कोल्हापूरकडची कितीतरी माणसं फौजेत. ७१च्या लढाईतल्या माणसाचं पश्चिमी स्टार, पूर्वी स्टार किंवा संग्राम मेडल राहिलं असेल, तर डिस्चार्ज बुकातली नोंद आधी बघा आणि ज्याच्या त्याच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून गेला तर बरा.

आता दुसरा ढीग, फ्लाइंग क्रॉसचा. ती रात्र मी त्यांच्या तोंडून ऐकली आहे: टेहळणीला गेलेली तुकडी उचलायची होती, जमीन उतरण्याजोगी नव्हती, आणि क्रू चीफ स्किडवर उतरून एकेकाला आत ओढत होते. त्याच उड्डाणासाठी वैमानिकाला फ्लाइंग क्रॉस मिळालं. कॉलेज पार्कच्या प्रतींमध्ये एक आदेश असा निघाला की व्याही गप्पच झाले. त्याच तारखेचं एअर मेडल, पण ‘व्ही’ चिन्हासह, म्हणजे शौर्याचं. ते आपल्याला मिळालंय हे त्यांना माहीतच नव्हतं. आनंदाची गोष्ट खरी, पण तिने प्रकरणाचा रंग बदलला. एकाच कृतीला दोन पदकं मिळत नाहीत. म्हणजे मागणी आता नव्या पदकाची राहिली नाही, मिळालेलं पदक वरच्या दर्जाचं करण्याची झाली. आधीच्या अर्जावर क्रॉस मागत राहिलो असतो तर याच कागदाने आम्हाला पाडलं असतं.

मुदत उलटलेल्या शिफारशीसाठी अमेरिकेच्या कायद्यात १९९६पासून एक वाट आहे: काँग्रेसच्या सदस्यामार्फत प्रकरण लष्कराकडे पाठवायचं. स्वतःची शिफारस स्वतः करता येत नाही. वरिष्ठाने किंवा घटना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने डीए ६३८ भरायचा, साक्षी जोडायच्या. तो वैमानिक हयात आहे हे आमचं नशीब. त्याने पहिली साक्ष पाठवली ती ‘याच्यासारखा धाडसी माणूस पाहिला नाही’ अशी. मी परत पाठवायला लावली. कोणती तारीख, कोणती जागा, किती उंची, गोळीबार कोणत्या बाजूने, तू स्वतः काय पाहिलंस आणि काय फक्त इंटरकॉमवर ऐकलंस, एवढंच लिही म्हटलं. दुसरी साक्ष निम्मी झाली आणि दुप्पट वजनाची. तिला त्याच्या स्वतःच्या क्रॉसचा आदेश जोडला, कारण त्यात तीच रात्र सरकारी भाषेत आधीच लिहिलेली आहे. साक्षीदार ऐंशीच्या घरात आहेत. मागणी पुढे जावो न जावो, त्यांच्या सह्या आधी घ्याव्यात.

ते प्रकरण सध्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयातून पुढे गेलं आहे. व्याह्यांनी मात्र मध्येच एक खोडा घातला: दुसऱ्या दारातल्या गनरचं नावही यात घाला. तसं करता येत नाही, प्रत्येकाची फाईल वेगळी. गनर वारला, बायको-मुलं नव्हती, पण सख्खी बहीण आहे, आणि बहिणीला निकटच्या नातेवाइकाचा हक्क आहे. तिच्याकडून मृत्यूचा दाखला मागवून विहीणबाईंनी त्याच्या नावाचा एसएफ १८० भरायला घेतला आहे. सेवा क्रमांक आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक, दोन्ही लिहून.