राख आणि कोळसा : शेतीविषयक एक पाठ

कापसाची वेचणी संपली की विदर्भ-मराठवाड्यातील शिवारांत पऱ्हाट्या उपटून बांधावर रचतात. काही चुलीस जातात. गुलाबी बोंडअळीच्या भयाने उरलेल्या शेतात ठेवता येत नाहीत, म्हणून त्यांना काडी लावली जाते. मागे राहते ती थोडी राख, आणि तीही वाऱ्यावर उडते. मुलांच्या नित्य पाहण्यातील या गोष्टीवर इयत्ता सहावी-सातवीच्या वर्गांत एक उपयुक्त पाठ घेता येईल.

आरंभी विचारावे : लाकूड जळाल्यावर कधी राख उरते, कधी कोळसा, असे का? हवा मुबलक मिळाली तर लाकडातील कर्ब प्राणवायूशी संयोग पावून वायुरूपाने निघून जातो व खनिज क्षार तेवढे उरतात, ती राख. हवा कोंडली तर पाणी व ज्वलनशील वायू निघून जातात, परंतु कर्बाचा मोठा भाग मागे राहतो, तो कोळसा. शेतीसाठी मुद्दाम केलेल्या अशा कोळशास बायोचार म्हणतात. पालापाचोळा मातीत लवकर कुजून जातो. हा कोळसा मात्र शेकडो वर्षे टिकतो. तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवतो.

यास पुरावा काय, असे चौकस मूल विचारीलच. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यात अतिवृष्टीने माती धुपून निकस झालेली आहे. तिच्यामध्येच मधूनमधून काळ्या, सुपीक मातीचे पट्टे आढळतात. त्यांत कोळसा, खापरे व हाडे सापडतात. युरोपीय लोक तेथे पोहोचण्यापूर्वीच्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतून ही माती घडली. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ साली ॲमेझॉनच्या मातीवरील आपल्या ग्रंथात तिची नोंद केली.

कोकणातील मुले येथे राबाचे नाव घेतील. भाताचे रोप टाकण्यापूर्वी शेण, कवळ, पालापाचोळा अंथरून वर मातीचा थर देऊन राब भाजतात. त्याने तणाचे बी मरते व रोप जोमदार येते. परंतु हाती येते ती मुख्यतः राख. हा भेद मुलांकडूनच वदवून घ्यावा. वाडवडिलांची रीत अडाणीपणाची, असा सूर मात्र लागू देऊ नये.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोळसा प्रत्येक जमिनीस सारखाच मानवतो असे नाही. २०१७ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी सुमारे २५ टक्के वाढलेले दिसले, समशीतोष्ण प्रदेशांत ते वाढले नाही. उष्ण प्रदेशांतील त्या जमिनी बहुधा आम्ल व निकस होत्या आणि कोळसा सामान्यतः अल्कधर्मी असतो. म्हणून कोकणातील जांभ्याच्या मातीत गुण येण्याचा संभव अधिक. काळी माती बहुधा आधीच अल्कधर्मी असते व पाणीही धरते. तेथे मातीपरीक्षणाशिवाय पालकांना भरघोस पिकाचे आश्वासन देऊ नये. तसेच ज्या घरची चूल पऱ्हाटीवरच पेटते, त्या घरच्या मुलास ती शेतात घाला असे सांगणे योग्य नव्हे.

कोळसा शिक्षकाने किंवा एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने करावा, मुलांनी दूर उभे राहून पाहावे. दोन फूट खोल, वर रुंद व तळाशी निमुळता खड्डा घ्यावा. तळाशी वाळलेल्या काड्या पेटवाव्यात. त्यांवर पांढरी राख धरू लागली की नवा थर टाकावा. वरची ज्योत हवा खाते, खालचा थर कोळसा होतो. खड्डा भरल्यावर भरपूर पाणी ओतून विझवावा. कोळसा ओला असतानाच कुटावा, म्हणजे भुकटी नाकातोंडात जात नाही. कोरा कोळसा मातीतील नत्र स्वतःकडे ओढतो व रोपे पिवळी पडतात. यास्तव तो दोन आठवडे शेणकाल्यात भिजत ठेवावा.

मग तीन कुंड्या घ्याव्यात : एकीत नुसती माती, दुसरीत माती व शेणकाला, तिसरीत नऊ भाग माती व एक भाग भिजविलेला कोळसा. दुसरी कुंडी टाळू नये, नाहीतर शेणाचे श्रेय कोळशास जाईल. तिन्हींत मेथीचे सारखेच दाणे पेरावेत व पाणी मोजून द्यावे. दर आठवड्यास रोपांची उंची व पानांचा रंग मुलांनी वहीत लिहावा. शेवटी चार दिवस पाणी तोडून कोणती कुंडी आधी सुकते तेही नोंदवावे. तिन्ही सारख्याच आढळल्या तर तसेच लिहू द्यावे.