‘सुडो’ रुसला, तर खर्च किती?

दुकानाची वेबसाइट, क्लासचं पोर्टल, पतसंस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, असं बरंच काही आज भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालतं. त्यावर रूटचे, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकार वापरण्यासाठी रोज हाताशी लागतो तो ‘सुडो’. तो बिघडला की अपडेट अडतात, सेवा रीस्टार्ट करता येत नाहीत. वेबसाइट मात्र बहुतेक वेळा चालूच राहते. त्यामुळे घाबरून जाण्याचं कारण नाही. ही दुरुस्ती पुष्कळदा फुकटात होते. खिसा रिकामा होतो तो घाईत केलेल्या उपद्व्यापांमुळे.

आधी हे करा : खर्च शून्य

उघडं असलेलं लॉगिन बंद करू नका. एखाद्या विंडोत रूट म्हणून आत असाल, तर दुरुस्ती तिथूनच होईल. सर्व्हर रीबूट करू नका. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या, कारण पुढचा खर्च त्यावरच ठरतो.

संदेशावरून ओळखा

• *युजर सुडोअर्स फाइलमध्ये नाही* : हा बिघाड नाही. तुमचं खातं योग्य गटात नाही, एवढंच. उबंटू-डेबियनवर तो गट ‘सुडो’, रेड हॅट घराण्यात ‘व्हील’. ज्याच्याकडे रूट आहे त्याने नाव घालायचं आणि तुम्ही पुन्हा लॉगिन करायचं.

• *होस्टचं नाव सापडत नाही* : नुसती सूचना. होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरचं नाव लिहिलं की संपलं.

• *सिंटॅक्स एरर* : कुणीतरी सुडोअर्स फाइल, म्हणजे सुडो कुणी वापरायचा याची नियमावली, साध्या एडिटरमध्ये उघडून बदलली आहे. संदेशात ओळीचा क्रमांकही असतो. 1.9.3 पासूनच्या आवृत्त्या चुकलेली ओळ वगळून पुढे जातात. जुन्या आवृत्त्या कामच थांबवतात. पॉलकिट बसवलेलं असेल, तर ‘पीकेएक्झेक’मार्फत ‘व्हिसुडो’ (या फाइलसाठीचा खास एडिटर) उघडून ती ओळ सुधारता येते.

• *मालक रूट हवा, सेटयूआयडी बिट हवा* : हा खरा महागडा प्रकार. कुणीतरी ‘यूएसआर’ फोल्डरवर सरसकट ‘चमॉड 777’ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) किंवा ‘चोन’ (मालक बदलणं) चालवलेलं असतं. दिसतो फक्त बिघडलेला सुडो; त्यासोबत शेकडो फायलींच्या परवानग्या गेलेल्या असतात. इथे एकेक फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा बॅकअपवरून सर्व्हर नव्याने उभा करणं सहसा स्वस्त पडतं.

पैसे कुठे लागतात

कशालाही हात लावण्याआधी डिस्कचा स्नॅपशॉट घ्या. ॲमेझॉनच्या क्लाउडवर उत्तर व्हर्जिनिया विभागात त्याचा दर महिन्याला प्रति जीबी 0.05 डॉलर आहे. म्हणजे 50 जीबी डेटा महिनाभर ठेवला तरी अडीच डॉलर. इतर विभागांचे दर वेगळे असू शकतात. काम झालं की स्नॅपशॉट आठवणीने काढून टाका, नाहीतर मीटर चालूच राहतो.

रूटची वाट पूर्ण बंद झाली असेल, तर डिस्क सोडवून दुसऱ्या सर्व्हरला जोडायची, फाइल सुधारायची आणि परत लावायची. त्या तात्पुरत्या सर्व्हरचं काही तासांचं भाडं लागतं. पण छुपा खर्च वेगळाच आहे : ॲमेझॉनवर सर्व्हर थांबवून सुरू केला की इलास्टिक आयपी (कायम राखलेला पत्ता) नसल्यास सार्वजनिक पत्ता बदलतो आणि डोमेनच्या नोंदी बदलेपर्यंत ग्राहकांना साइट दिसत नाही. थांबवण्याआधी हे तपासाच. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीकडे रिकव्हरी मोड आहे, त्यामुळे डिस्क हलवावी लागत नाही.

तंत्रज्ञ बोलावताना

तपासणीचे पैसे आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे ठरवा. तासाच्या दराला कमाल मर्यादा लिहून घ्या. बिलात 18 टक्के जीएसटी लावला असेल, तर 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक बघा. नोंदणी नसलेल्याला तो कर आकारता येत नाही.

तुमची खासगी की किंवा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तंत्रज्ञाची सार्वजनिक की सर्व्हरवर घाला, काम झाल्यावर ती काढा. टर्मिनलवरच्या कामाची नोंद ‘स्क्रिप्ट’ कमांडने ठेवायला सांगा. पहिल्याच मिनिटाला ‘सगळ्याला 777 देऊन टाकू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे निरोप द्या.

दुरुस्तीनंतर

सुडोअर्स फाइलची परवानगी 0440 आणि मालक रूट आहे ना, ते बघा. व्हिसुडोची तपासणी चालवा. जोडफायलींच्या ‘सुडोअर्स डी’ फोल्डरमध्ये नावात टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही; ‘दुकान.कॉन्फ’ नावाने ठेवलेला नियम लागू का होत नाही म्हणून लोक तासन्‌तास घालवतात. मग नव्या विंडोत लॉगिन करून सुडो चालतोय याची खात्री करा आणि त्यानंतरच जुनी विंडो बंद करा.

सुडोची आवृत्तीही पाहा. 2011 मध्ये शिरलेली एक गंभीर त्रुटी जानेवारी 2021 मध्ये उघड झाली, ती 1.9.5पी2 मध्ये दुरुस्त झाली. उबंटू, डेबियन जुन्याच क्रमांकावर दुरुस्ती लावतात, म्हणून क्रमांकापेक्षा सुरक्षा-अपडेट लागलेत का ते तपासा.

कायमचा विमा हवा असेल, तर डिजिटलओशनचा साप्ताहिक बॅकअप सर्व्हरच्या भाड्याच्या 20 टक्क्यांत मिळतो. महिना 6 डॉलरच्या सर्व्हरला ते 1.20 डॉलर. तंत्रज्ञाच्या एका तासाच्या बिलाशी हा आकडा ताडून पाहा आणि मग ठरवा.