आमचे मामाजी

आमचे मामाजी नवेगावबांधजवळ राहत. दोन एकर धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत पहाटेच बैल घेऊन बांधीत उतरत, ते दिवेलागणीला घरी येत. पण दिवाळीनंतर मंडई भरली, की हाच माणूस दंडारीत बाईचे सोंग घेई! गाव पोट धरून हसे. मामी तोंडाला पदर लावी.

मामाजींना वाचता येत नव्हते. मुलगी वही वाचून दाखवी, ते ऐकून पाठ करीत.

लोक म्हणाले, "पोरीची शाळा सोडवा, कामाला हात होईल."

मामाजी म्हणाले, "मग माझं सोंग कोण वाचंल?"

मुलगी पुढे शिक्षिका झाली. गोंदिया जिल्हा झाला, त्याच १९९९ साली मामाजी गेले. वही तिच्याजवळ आहे. शेवटच्या पानावर मामाजींची सही आहे. तिनेच शिकवलेली.