गरोदरपणात घड्याळ घ्यावं की बीपीचं मशीन?

माझ्या भाचीच्या डोहाळजेवणाला तिच्या मैत्रिणींनी वर्गणी काढून स्मार्ट घड्याळ दिलं. आठच दिवसांत रात्री अकराला तिचा फोन आला, "मावशी, बसल्या जागी ठोके शहाऐंशी दाखवतंय. आधी माझे सत्तर असायचे." त्या रात्री ती झोपली नाही. सकाळी डॉक्टरांनी समजावलं की गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, त्यामुळे ठोके मिनिटाला दहा ते वीसने वाढणं स्वाभाविक आहे. घड्याळाने आकडा बरोबर दिला होता, पण त्याचा अर्थ सांगणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

म्हणून खरेदीला निघण्याआधी कोणत्या वस्तूला किती पैसे पडतात आणि त्यातून नेमकं काय कळतं, हे समजून घ्या.

साधा फिटनेस बँड दीड ते चार हजारांत येतो. नामांकित कंपन्यांची घड्याळं साधारण पंचवीस हजारांपासून पुढे जातात आणि चांगल्या स्मार्ट अंगठ्याही त्याच घरात आहेत. काही कंपन्या वस्तूच्या किमतीवर महिन्याची किंवा वर्षाची वर्गणीही घेतात. ती दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, तेव्हा विचारून घ्या. अंगठी मात्र या काळात घेऊच नये असं माझं मत आहे. शेवटच्या तीन महिन्यांत बोटं सुजतात. सोन्याची अंगठी अडकली तर सोनार कापून देतो, टायटॅनियमची सहज कापली जात नाही. चालणं, झोप आणि ठोक्यांचा कल बघायला दोन हजारांचा बँड पुरतो.

आता बीपी. गरोदरपणात घरी मोजावी अशी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि इथेच घड्याळ कमी पडतं. ॲपलने आपल्या घड्याळातली उच्च रक्तदाबाची सूचना गरोदर स्त्रियांसाठी नाही, असं स्वतःच सांगितलं आहे. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन अठराशे ते तीन हजारांत मिळतं. मनगटावरचं घेऊ नका. निघण्याआधी शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा मागा, कारण आखूड पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो. गरोदरपणात तपासून प्रमाणित झालेलं मॉडेल कोणतं, ते डॉक्टरांना विचारा. पहिल्याच तपासणीला मशीन सोबत नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून घ्या.

मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि आकडे वहीत लिहा. १४०/९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० म्हणजे थेट दवाखाना.

शुगरचा खर्च ज्यांना गरोदरपणातला मधुमेह निघाला आहे, त्यांच्यासाठीच. ग्लुकोमीटर हजार-बाराशेला येतो, पण खरा खर्च स्ट्रिपचा. एक स्ट्रिप १५ ते २५ रुपये. दिवसातून चारदा मोजायला सांगितलं तर महिन्याला १२० स्ट्रिप, म्हणजे १,८०० ते ३,००० रुपये. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिलावर बघून घ्या. दंडावर चिकटवायचा सेन्सर चौदा दिवस चालतो आणि एकाला साधारण साडेचार-पाच हजार पडतात, म्हणून तो डॉक्टरांनी सांगितला तरच. बोट न टोचता शुगर सांगतं म्हणून विकलं जाणारं घड्याळ अजिबात घेऊ नका. अशा घड्याळ-अंगठ्यांपासून अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४मध्ये लोकांना सावध केलं आहे.

बाळाचे ठोके ऐकायचा घरगुती डॉप्लरही नको. आईचेच ठोके बाळाचे समजून माणूस निर्धास्त होतो आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवायला पैसे लागत नाहीत. हालचाल कमी वाटली तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

भाचीकडे परत येते. प्रसूतीनंतर ती माहेरी आली आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलं. सहाव्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं. "जागरणाने दुखत असेल," आम्ही सगळ्याच म्हणालो. मनगटावरचं घड्याळही झोप कमी झाली एवढंच सांगत होतं. तिच्या आईने कपाटातून बीपीचं मशीन काढलं. १५२/९८. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, तेवढंच. तासाभरात ती दवाखान्यात होती, औषध सुरू झालं आणि चार दिवसांत घरी आली. गरोदरपणाशी जोडलेला हा रक्तदाब प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंतही उफाळू शकतो, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

बाळंतिणीच्या झोपेचे गुण तर घड्याळात बघूच नयेत. दर दोन तासांनी अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सकाळी 'झोप असमाधानकारक' असं वाचायला लावणं क्रूर आहे. मन सतत उदास राहिलं, रडू आवरेना, तर १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक मोफत आहे.

हातात पैसा कमी असेल तर मशीन नसलं तरी अडत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते. प्रसूतीनंतर आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. त्या बाळासाठी येत असल्या तरी स्वतःची तक्रारही त्यांना सांगा.

पाच हजार खर्च करायची ऐपत असेल तर आधी बीपीचं मशीन घ्या, उरलेल्यात बँड. ओटीभरणाला काय द्यावं असा प्रश्न पडला असेल तर हेच मशीन द्या. आणि बाळंतपण झाल्यावर ते कपाटात टाकू नका, सहा आठवडे बाळंतिणीच्या उशाशी असू द्या. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, वरच्या पोटात दुखलं किंवा धाप लागली तर आकडा काहीही असो, १०८ला फोन करा.